उन्हाळी सुट्टीत नेपाळमधील ख्रिस्ती सेवाकार्यात इंटर्न म्हणून जाताना

परदेशी सेवाकार्य म्हटले की आमच्या चर्चच्या मंडळीतील तरुणांना आफ्रिका आठवते, आणि विमानाच्या तिकिटाचा आकडा ऐकला की तो विषय तिथेच थांबतो. मी समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षानंतर मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतचे सहा आठवडे नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यात, डोंगरावरील एका ख्रिस्ती आरोग्यसंस्थेच्या समाजसेवा विभागात काढले. भारतीय नागरिकाला तिथे व्हिसा लागत नाही, रेल्वे आणि बसने पोहोचता येते आणि लिपी देवनागरीच आहे, एवढी तीन कारणे मला पुरेशी वाटली. महाराष्ट्राशी जोडणारा एक जुना धागाही आहे. नेपाळमध्ये आरोग्य आणि शिक्षणाचे मोठे काम उभे करणाऱ्या युनायटेड मिशन टू नेपाळ या संस्थेची स्थापना १९५४ साली नागपुरात भरलेल्या बैठकीत झाली होती.

जाण्यापूर्वी मला नीट सांगणारे कोणी भेटले नाही, त्यामुळे बऱ्याच गोष्टी चुकून शिकाव्या लागल्या. त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहीत आहे. सहा आठवड्यांत तुमच्या हातून फार मोठे काम होणार नाही, हे आधीच मान्य करा. तुमचा स्थानिक लोकांना भार होऊ नये आणि तुम्ही परतल्यावर त्यांना तुमच्यामुळे काही निस्तरावे लागू नये, यासाठीच बहुतेक तयारी करायची असते.

१. आधी कामाची चौकशी करा, मग संस्था ठरवा

नेपाळमध्ये दीर्घकाळ काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्था मोजक्या आहेत. वर उल्लेख केलेल्या संस्थेखेरीज १९५२ पासून पोखऱ्यात काम करणारी इंटरनॅशनल नेपाल फेलोशिप आहे, आणि काठमांडूच्या दक्षिणेला लेले येथे लेप्रसी मिशनचे कुष्ठरोग रुग्णालय आहे. त्याचे नाव आनंदबन. वरोऱ्याच्या आनंदवनाशी त्याचा संस्था म्हणून संबंध नाही, पण मराठी माणूस ते नाव ऐकून क्षणभर थबकतोच. या संस्था दरवर्षी उन्हाळी इंटर्न घेतातच असे गृहीत धरू नका. डिसेंबर-जानेवारीत पत्र पाठवून विचारा, कारण मार्चनंतर लिहिणाऱ्यांना बहुधा नकार मिळतो.

पत्रात चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. माझ्यावर देखरेख कोण करील? त्या व्यक्तीकडे आठवड्यातून किती वेळ असेल? मी आले नाही तर हे काम कोण करते? आणि संस्थेचा नेपाळच्या समाज कल्याण परिषदेशी, म्हणजे अशा संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाशी, करार किंवा तिथे नोंदणी आहे का? तिसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण उत्तरावरून सारे कळते. ‘हे काम एरवी कोणी करत नाही’ असे उत्तर आले तर ते काम बहुधा तुमच्यासाठीच काढलेले आहे, आणि तुम्ही गेल्यावर ते बंद पडेल.

येथेच एक मोठा सापळा आहे. काठमांडू आणि पोखऱ्याच्या परिसरात परदेशी स्वयंसेवकांकडून पैसे घेऊन त्यांना काही आठवडे ‘अनाथ’ मुलांसोबत राहू देणारी बालगृहे आहेत. त्यांतील पुष्कळ मुलांचे आईवडील किंवा जवळचे नातलग हयात असतात. शिक्षणाच्या आशेने त्यांना दूरच्या डोंगराळ जिल्ह्यांतून आणलेले असते. स्वयंसेवकांची ये-जा हेच अशा गृहाचे उत्पन्न होऊन बसते, आणि दर महिन्याला नव्या ताईवर जीव लावून तिला निरोप देणे मुलांच्या वाट्याला येते. गृह ख्रिस्ती नावाने चालते म्हणून सूट देऊ नका. कोणतीही चारित्र्य पडताळणी न करता जे तुम्हाला मुलांमध्ये पाठवतात, त्यांच्याकडे जाऊ नये.

२. कायदा समजून घेतल्याशिवाय निघू नका

हा टप्पा मी सर्वांत हलका घेतला होता. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने देश धर्मनिरपेक्ष घोषित केला असून अनुच्छेद २६ प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य देतो. परंतु त्याच अनुच्छेदाचे तिसरे उपकलम दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई करते. ऑगस्ट २०१८ मध्ये लागू झालेल्या मुलुकी अपराध संहितेच्या, म्हणजे तिथल्या फौजदारी कायद्याच्या, कलम १५८ नुसार धर्मांतर करविणे किंवा त्यासाठी प्रवृत्त करणे हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी व्यक्ती परकीय असेल, तर शिक्षा भोगल्यानंतर सात दिवसांत तिला देशाबाहेर पाठवण्याची तरतूदही त्यात आहे. व्हिसा लागत नसला तरी त्या कलमापुरते आपण भारतीयही परकीयच.

मी जाताना सुट्टीतील बायबल शाळेचा, म्हणजे आपल्याकडच्या व्हीबीएसचा, पूर्ण संच घेऊन गेले होते: हातातल्या बाहुल्या, चित्रांचे तक्ते, कृतिगीते आणि मुलांना वाटायची छोटी बक्षिसे. माझ्या पर्यवेक्षक दिदींनी सारे शांतपणे पाहिले आणि कपाटात ठेवून कुलूप लावले. रुग्णांबरोबर आलेल्या, इतर धर्मांच्या घरांतील लहान मुलांना बायबलच्या गोष्टी सांगून वर बक्षीस देणे म्हणजे आमिष दाखवणे, असा आरोप कोणीही करू शकतो, आणि तो झाला की चौकशीला तुम्ही नसता, आम्ही असतो, असे त्या म्हणाल्या. मला राग आला होता. तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो गेला, कारण तोवर त्याच दिदी रात्री अकरा वाजता एका बाळंतिणीच्या नवऱ्याला रक्त मिळवून देण्यासाठी फोनवर फोन करताना मी पाहिल्या होत्या.

२०२१ च्या जनगणनेनुसार नेपाळमधील ख्रिस्ती लोकांचे प्रमाण १.७६ टक्के आहे. १९५० च्या दशकापर्यंत देशात उघडपणे मंडळी भरवण्यास वावच नव्हता. आज जे आहे ते नेपाळी विश्वासू लोकांनी तुरुंगवास सोसून उभे केले आहे. तेव्हा व्यवहारात पुढील पथ्ये पाळावीत. सुवार्तेची पत्रके किंवा पुस्तकांचे गठ्ठे नेऊ नयेत. स्वतःचे मराठी बायबल नेण्यास हरकत नाही. रुग्णासाठी प्रार्थना करावीशी वाटली तर आधी पर्यवेक्षकांना विचारावे, आणि रुग्णाने स्वतः मागितल्याखेरीज मोठ्याने करू नये. औषध, पैसा किंवा खाऊ देताना विश्वासाचा विषय काढू नये. कोणी आपण होऊन तुमच्या श्रद्धेबद्दल विचारले, तर खोटे बोलण्याची गरज नाही. थोडक्यात उत्तर द्यावे आणि अधिक बोलणे स्थानिक पाळकांवर सोपवावे.

३. कागदपत्रे

भारतातून नेपाळला जाताना ‘आधार कार्ड आहे ना, चालेल’ असे सांगणारे दहा जण भेटतात. ते चुकीचे आहे. १५ ते ६५ या वयोगटातील भारतीयांसाठी आधार हे नेपाळ प्रवासाचे ग्राह्य ओळखपत्र नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. जमिनीवरच्या सीमेवर कदाचित कोणी पाहणारही नाही, परंतु परतताना अडचण येऊन विमानाने यावे लागले तर विमानतळावर आधार कार्ड पुढे करून उपयोग होत नाही. मी पुढील कागद दोन-दोन प्रतींत नेले होते:

- पासपोर्ट आणि मतदार ओळखपत्र, दोन्ही मूळ
- संस्थेचे निमंत्रणपत्र, ज्यात कामाचे स्वरूप, कालावधी आणि राहण्याचा पत्ता लिहिलेला असावा
- आपल्या पाळकांचे शिफारसपत्र आणि महाविद्यालयाचे ना हरकत पत्र
- पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. महाराष्ट्रात यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, मात्र परीक्षेच्या गडबडीत तो राहून जातो, म्हणून मार्चमध्येच करावा
- डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र आणि लसींची नोंद
- परदेश प्रवासाच्या वैद्यकीय विम्याची प्रत. घरातली नेहमीची आरोग्य विमा पॉलिसी सहसा देशाबाहेर लागू होत नाही
- पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो, जे सिमकार्डापासून ओळखपत्रापर्यंत सगळीकडे मागतात

परदेशी पासपोर्ट असलेल्या मराठी मुलामुलींसाठी एक वेगळी सूचना आहे. ओसीआय कार्डाचा, म्हणजे भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना भारत देतो त्या कार्डाचा, नेपाळमध्ये काही उपयोग नाही; तुम्हाला व्हिसा घ्यावा लागेल, आणि पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामालाही परवानगी नसते. ‘सगळे असेच करतात’ असे कोणी म्हणाले तरी संस्थेकडून लेखी खुलासा घ्या.

४. पैसे

एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा असतो. गोंधळ होतो तो बोलण्यात. सीमेजवळ भारतीय रुपयांना ‘आयसी’ आणि नेपाळी रुपयांना ‘एनसी’ म्हणतात. ‘पाचशे’ एवढेच ऐकून पैसे काढू नका; ‘आयसी की एनसी’ हे प्रत्येक वेळी विचारा. मी सीमेपलीकडच्या भैरहवा शहरात पहिल्याच दिवशी एका रिक्षावाल्याला आयसीमध्ये पैसे दिले आणि त्याने ते मोठ्या प्रेमाने घेतले.

भारतीय १०० रुपयांच्या आणि त्याखालील नोटा निर्वेध चालतात. त्याहून मोठ्या नोटांचे नियम वारंवार बदलत आले आहेत, म्हणून निघण्याच्या आठवड्यात बँकेत चौकशी करा. शहरांत काही दुकानांत भारतीय यूपीआय चालते, डोंगरावर मात्र रोख रक्कमच हाताशी हवी.

मंडळीतून वर्गणी गोळा करणार असाल तर ती फक्त स्वतःचा प्रवास, निवास, विमा आणि जेवण यांपुरती ठेवा, आणि परतल्यावर पै-पैचा हिशेब पंचकमिटीपुढे मांडा. तिथल्या संस्थेसाठी भारतातून देणगी पाठवणे हा परकीय चलनाच्या कायद्याचा स्वतंत्र विषय आहे. तो सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय हाती घेऊ नका. रुग्णांच्या हातात परस्पर पैसे ठेवण्याचा मोह तर अजिबात नको. मी एका आजीबाईंना बसभाडे दिले, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात सात माणसे उभी होती.

५. प्रकृती

निघण्याच्या किमान महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताच्या लसींबद्दल विचारा. तराईच्या सखल भागात राहणार असाल तर जपानी मेंदूज्वराबद्दलही विचारा. पाणी उकळलेलेच प्या. कुत्रे चावले तर जखम साबणाने भरपूर वेळ धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. जूनच्या मध्यानंतर पाऊस धरतो आणि पायवाटांवर जळवा निघतात, तिथे त्यांना जुका म्हणतात. ओढून काढू नका, मीठ लावा.

६. प्रवास

मी कुशीनगर एक्सप्रेसने मनमाडहून गोरखपूरला गेले. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि मे महिन्यात उत्तर प्रदेशकडे जाणाऱ्या गाड्या पहिल्याच सकाळी भरतात, त्यामुळे ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. गोरखपूरहून सुनौली सीमा बसने साधारण तीन तासांवर आहे. स्थानकाबाहेर ‘थेट पोखरा, थेट काठमांडू’ असे एकच तिकीट विकणारे दलाल गाठतात. त्यांच्याकडून घेऊ नका. सीमेपलीकडे ते तिकीट कोणी ओळखीलच याची खात्री नसते. सरकारी बसने सीमेपर्यंत जावे, चालत पलीकडे जावे आणि पुढचे तिकीट तिथे काढावे.

भैरहव्याहून बुटवल आणि बुटवलहून पाल्पा जिल्ह्यातील तानसेन, असा माझा पुढचा मार्ग होता. बुटवल सोडल्याबरोबर सिद्धबाबाचा कडा लागतो, जिथे पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ता तासन्‌तास बंद राहतो. माळशेज घाटातला जूनचा प्रवास ज्यांनी केला आहे त्यांना कल्पना येईल. हा टप्पा दिवसाउजेडी करा, आणि बरोबर पाणी, बिस्किटे व एक वेळचे औषध ठेवा.

७. भाषा

देवनागरी वाचता येते म्हणून मला नेपाळी येईल असे वाटले होते. वाचता येते, हे खरे. चर्चला तिथेही ‘मण्डली’च म्हणतात, ‘प्रार्थना’, ‘प्रभु’, ‘नयाँ करार’ हे शब्द घरचेच वाटतात आणि ख्रिस्ती लोक भेटल्यावर ‘जय मसीह’ म्हणतात. पण ओळखीच्या शब्दांनीच जास्त फसवले. ‘शिक्षा’ लिहिलेली पाटी पाहून घाबरू नका, तिथे शिक्षा म्हणजे शिक्षण. ‘भाउजू’ म्हणजे वहिनी, आपले भाऊजी नव्हेत. ‘चिउरा’ म्हणजे पोहे.

समोरचा हिंदी समजतो म्हणून लगेच हिंदीत सुरू होऊ नये. मोठ्या माणसांशी ‘तपाईं’ किंवा ‘हजुर’, ओळखीच्यांना दाइ, दिदी, भाइ, बहिनी, एवढे तरी घरूनच शिकून जा. रुग्णाला विचारायचे वीसएक प्रश्न वहीत लिहून पाठ करा: कुठून आलात, किती दिवस झाले, सोबत कोण आहे, जेवलात का.

दोन विषयांवर जपून बोला. ‘नेपाळ म्हणजे आपलाच भाग’ हे वाक्य कौतुकाने म्हटले तरी अपमान ठरते. २०१५-१६ ची भारताच्या सीमेवरची मालाची नाकेबंदी लोक विसरलेले नाहीत. आणि बुद्ध भारतात जन्मले असे बोलून जाऊ नका. लुंबिनी नेपाळमध्ये आहे, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक असते.

८. पहिले दोन आठवडे

घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करा. मग दिनदर्शिका बदला: दवाखान्यातील सर्व नोंदी विक्रम संवतात असतात, महिना जेठ किंवा असार असतो, आणि ‘पुढची तपासणी असार २०’ म्हणजे कोणती तारीख हे रुग्णापेक्षा तुम्हालाच उशिरा कळते. मी पहिल्या आठवड्यात दोघांना चुकीच्या दिवशी बोलावले. स्थानिक भिंतीवरची दिनदर्शिका विकत घ्या. तिच्यावर इंग्रजी तारखा बारीक अक्षरांत छापलेल्या असतात.

आठवड्याची सुट्टी शनिवारी असते आणि बहुतेक मंडळ्यांची उपासनाही शनिवारीच होते. रविवारी सकाळी कामावर हजर राहावे लागते. मला ते शेवटपर्यंत अंगवळणी पडले नाही. उपासनेत चपला बाहेर काढून जमिनीवर बसतात, पुष्कळ ठिकाणी स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळ्या बाजूंना. मादल (तिथली ढोलकी) आणि पेटीवर भजने सुरू झाली तेव्हा मला आमच्या खेड्यातली, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने म्हणणारी मंडळी आठवली. पाहुणी म्हणून दोन शब्द बोलायला उभे करतील. दोनच बोला.

डाळभात सकाळी नऊ-दहाला आणि पुन्हा संध्याकाळी सातच्या सुमारास मिळतो. आठ वाजता नाश्ता शोधणाऱ्याला चहा मिळतो. उष्ट्याचे नियम आपल्या आजीच्या स्वयंपाकघराइतकेच कडक असतात, आपल्या ताटातला चमचा सामाईक भांड्यात घालू नका.

कामाविषयी सांगायचे तर, मला पहिले बारा दिवस जुन्या नोंदवह्या लावणे आणि रुग्णांना एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे नेणे एवढेच दिले होते. मनातून मी खट्टू होते. परंतु त्या चकरांमध्येच कळले, की चार तास चालून आलेला माणूस तपासणीच्या चिठ्ठीवरचा आकडा पाहून न विचारताच परत जातो, आणि गरीब रुग्णांसाठी सवलत आहे हे त्याला कोणी तरी वेळेवर सांगावे लागते. तेराव्या दिवसापासून मला बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी तेच काम दिले. जे काम देतील ते करा, नवे उपक्रम सुचवण्याची वही तिसऱ्या आठवड्यापर्यंत बंद ठेवा.

९. फोटो आणि घरी लिहायची पत्रे

वर्गणी देणाऱ्यांना फोटो हवे असतात, म्हणून अनेक जण रुग्णांचे आणि मुलांचे फोटो पाठवतात. कुष्ठरोग झालेल्या स्त्रीचा चेहरा तुमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटात फिरणे तिच्यासाठी काय ठरू शकते याचा विचार करा. संस्थेची लेखी परवानगी आणि व्यक्तीची संमती, दोन्ही असल्याशिवाय फोटो नकोत. मुलांचे तर नकोतच. मजकुरातही गावाचे आणि माणसाचे नाव लिहू नका, ‘इतक्या जणांना प्रभूकडे आणले’ असली वाक्ये तर मुळीच नकोत. ती खरी नसतातच, आणि कलम १५८ आठवून पाहिले तर ती कोणाच्या अंगाशी येतील हे वेगळे सांगायला नको.

१०. परतीची तयारी

शेवटच्या आठवड्यात नवे काम घेऊ नका. हातातल्या प्रत्येक रुग्णाची स्थिती संवताच्या तारखेसह एका कागदावर लिहून पर्यवेक्षकांकडे द्या, आणि ज्यांना ‘मी पुन्हा येईन’ असे म्हणावेसे वाटते त्यांना तसे म्हणू नका. कपाटातल्या बाहुल्या मी परत आणल्या.

जूनअखेरीस निघत असाल तर असार १५, म्हणजे साधारण २९ जून, चुकवू नका. त्या दिवशी भाताची लावणी करून चिखलाने माखलेले लोक दही-चिउरा खातात, आणि आमच्या दिदींनी मलाही खाचरात उतरवले होते. मात्र तोवर पाऊस जोरावर असतो. रेल्वेच्या तारखेच्या दोन दिवस आधी डोंगर उतरा आणि एक रात्र भैरहव्यात काढा. सिद्धबाबाचा रस्ता मोकळा मिळाला आणि दिवस हाताशी उरला, तर तिथून लुंबिनी सुमारे बावीस किलोमीटरवर आहे आणि बस मिळते.